पाठ पुसायचं काम

शहजादी मॅट्रिक होऊन नगरच्या एका दवाखान्यात शिकायला गेली, तेव्हा तिच्या वडलांनी, कोल्हारच्या अल्लाबक्ष शिंप्यानं, साऱ्या बाजारात सांगून टाकलं, "पोरगी नर्स झाली." झाली होती मदतनीस. वर्षभर वॉर्डातली वरकामं नीट शिकली, तरच नर्सिंगच्या शाळेत प्रवेश. वरकामं म्हणजे बेडपॅन उचलणं, चादरी बदलणं, रोग्यांची अंगं पुसणं. सुईला हात लावायचा नाही. आणि जो तो तिलाच हाक मारायचा, "ओ शिष्टर, सुई द्या की!" देता येत नाही म्हटलं, की वर विचारायचा, "मग तू हितं कशापायी हाईस?"

त्यात सोनईचे रंगनाथबाबा आले. विहिरीच्या कामावर पडून मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला, धरून अंग उचलायला डोक्यावर आडवा दांडा. सतत उताणं पडून पाठीला जखमा होतात, म्हणून दोन्ही वेळा पाठ पुसून, स्पिरिट चोळून पावडर लावायची. ते काम शहजादीकडे.

"पोरीबाळींनी अंगाला हात लावायचा न्हाई," म्हातारा रोज गुरगुरायचा.

"बरं. वरचा दांडा धरा, अंग उचला."

"लई उर्मट हाईस."

"हो. उचला."

एकदा त्यानं पाण्याचं भांडंच उलटं केलं. फरशीही हिनंच पुसली, आणि तणतणत वॉर्डाच्या मुख्य नर्सकडे, मुक्ताबाईंकडे गेली.

"सिस्टर, मला नर्स व्हायचंय. म्हाताऱ्यांशी भांडायला नाही आले मी."

मुक्ताबाईंनी थर्मामीटर झटकला. "पाठ पुसून झाली?"

"झाली."

"मग पुढची खाट बघ."

ईदला ती घरी गेली. तेवढे दिवस रंगनाथबाबांचं काम चांगुणा नावाच्या दुसऱ्या मुलीकडे होतं. शहजादी परत आली, चादर सारली, बाबांना एका अंगाला किंचित उचललं आणि बघतच राहिली. कमरेखाली लालभडक चट्टा, मधे कातडी सोललेली.

"चांगुणानं पाठ पुसली नाही?"

"मी नगं म्हनलं. ती गेली."

"मलाही रोज नकोच म्हणता की!"

"तू ऐकतीस कुठं?" म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना. ती कोमट पाणी घेऊन आली. त्या दिवशी दांडा धरा म्हणून सांगावं लागलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून भांडण पुन्हा सुरू.

जखम भरली, हाडही जुळलं. घरी जाताना रंगनाथबाबांनी डॉक्टरांना हात जोडले, मुक्ताबाईंच्या टेबलावर नारळ ठेवला. शहजादीकडे बघून म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचा!"

"मी पण," ती म्हणाली, आणि कुबड्या त्यांच्या काखेत नीट बसवून दिल्या.

जूनमध्ये तिला शाळेत प्रवेश मिळाला. ही बातमी मुक्ताबाईंनी वॉर्डात येऊन सांगितली, तेव्हा शहजादी एका नव्या रोग्याच्या उशीखालून तंबाखूची पुडी ओढून काढत होती, आणि तो आईची शपथ घेऊन सांगत होता, की ती त्याची नाहीच.