एलामा अंकलच्या खुंट्या

एलामा नात्याने माझा मामा, पण अख्खं खोरं त्याला अंकलच म्हणतं. मागितलं तर अंगातला शर्ट काढून देईल असा माणूस. कुणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस असला की हा बोलावण्याआधी गिटार घेऊन हजर, वर आपल्या खाचरातले अळूचे कंद कुटून केलेली पोई पातेलंभर. फक्त एका बाबतीत महाकंजूष. त्याच्या गिटारीच्या तारा सैल करून खास सुरात लावलेल्या असतात. ती जुळणी बापाची, घराबाहेर द्यायची नाही. म्हणून वाजवताना लोकांकडे पाठ, आणि गिटार खाली ठेवण्याआधी खुंट्या पिरगळून सगळे सूर मोडायचे. संडासला जातानासुद्धा.

यंदा पुरात डोंगराची कड ढासळली आणि खाचरांना पाणी आणणारा पाट दगडांनी बुजला. अळूला वाहतं, गार पाणी लागतं. साचलेल्या कोमट पाण्यात कंद सडतात. अंकल दारोदार फिरला. सगळे "येतो ना अंकल" म्हणाले. शनिवारी पाटावर आम्ही तिघंच, त्यातलं एक आमचं कुत्रं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर अंकल उभा राहिला. "येत्या शनिवारी पाणी येईपर्यंत जो दगड वाहील, त्याला माझ्या बापाची जुळणी दाखवतो."

माझ्या आईने त्याची बाही ओढली. "दादा, बाबा थडग्यातून उठून येतील."

"येऊ दे. एक फावडं जास्तीचं आहे."

शनिवारी अख्खं खोरं चिखलात. लोक इतके लोभी असतात हे मला आधी माहीत असतं, तर मीच आधी अशी अफवा पिकवली असती. खोऱ्याच्या वरच्या अंगाचा मोझेससुद्धा मुलांना घेऊन आला. तोही म्हातारा, तोही पाठ फिरवून वाजवणारा. दोघांचं तरुणपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. रांगेतून दगड हातोहात सरकत होते.

"कान धुऊन आलायस ना, मोझेस?"

"तू दगड धर नीट. बोटं शाबूत राहिली तर ऐकू."

दुपार कलल्यावर पाणी आलं. आधी गढूळ, मग नितळ आणि गार. अंकल गिटार घेऊन पाटाच्या कडेला बसला, पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून. त्याने सावकाश खुंट्या फिरवल्या आणि मोकळ्या तारांवरून अंगठा ओढला.

मोझेसचा चेहरा उतरला. "ही तर माझ्या आजोबांची जुळणी."

आता जुंपणार, असंच मला वाटलं. तेवढ्यात मागून चर्चची ऑर्गनवाली आँटी लवीनिया म्हणाली, "आमच्याही घरात हीच आहे. आईने शपथ घातली होती."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं खोरं हसत सुटलं. अंकल मात्र हसला नाही. "म्हणजे जन्मभर मी खुंट्या पिरगळल्या त्या कशासाठी?"

"मी ज्यासाठी पिरगळल्या त्यासाठीच," मोझेस म्हणाला. त्याने मुलाकरवी गाडीतून आपली गिटार मागवली आणि समोर येऊन बसला. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून वाजवलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आई तर डोळे पुसत आपल्या थडग्यातल्या बाबांनाच शिव्या देत होती.

वाजवणं संपलं तसा अंकल खाचराकडे जायला उठला. सवयीने हात खुंटीवर गेला. तिथेच थांबला. मग त्याने गिटार होती तशी मोझेसच्या मांडीवर ठेवली आणि अळू बघायला पाण्यात उतरला.