छपाई पुण्यात, सुनावणी पौडात

नकाशा पडद्यावर स्पष्ट दिसत होता. कागदावर मात्र उमटत नव्हता. छापण्याची आज्ञा मी पुन्हा पुन्हा दिली. टेबलावरचा प्रिंटर हिरवा दिवा लावून स्वस्थ बसला होता. दारात गंगूबाई ताटकळत उभी होती आणि पलीकडच्या तहसील कचेरीत तिच्या प्रकरणाचा पुकारा कोणत्याही क्षणी होणार होता.

पौडमध्ये मी अर्जलेखनाचा व्यवसाय करतो. शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी माझ्या अर्जातील एक शब्दही बदलण्याची वेळ आजवर कोणत्याही कारकुनावर आलेली नाही. गंगूबाई रिहे गावच्या वरच्या वाडीची. तिच्या शेताकडे जाणारी गाडीवाट एका फार्महाऊसवाल्याने गेट लावून बंद केली होती. कापलेले भात शेतातच पडून होते. वाटेचा कच्चा नकाशा पुढील तारखेस दाखल करा, अन्यथा प्रकरण निकाली काढू, असे तहसीलदारसाहेबांनी बजावले होते. ती पुढील तारीख म्हणजे हीच.

येथे संगणकाची हकिकत सांगणे क्रमप्राप्त आहे. गावनकाशाचा प्रोग्राम माझ्या संगणकावर नाही. तो पुण्यातील एका वकीलसाहेबांच्या ऑफिसमधील मोठ्या मशीनवर असतो. त्या मशीनची सिस्टीम युनिक्स जातीची आहे. माझ्या घरी वरच्या खोलीत नितीन भाड्याने राहतो. मूळचा परभणीचा, नोकरीला हिंजवडीत. त्याने वकीलसाहेबांच्या संमतीने अशी जोडणी करून दिली होती, की प्रोग्राम चालावा पुण्यात आणि त्याची खिडकी उघडावी माझ्या घरी. त्यासाठी घरच्या संगणकावर एक्स सर्व्हर नावाचे सॉफ्टवेअर चालू ठेवावे लागते. तिकडून आलेले चित्र ते इकडे मांडते. माऊस मी हलवतो, काम तिकडे होते. तोवर मी नकाशे केवळ पाहत असे. छापील प्रती वकीलसाहेब एस.टी.ने पाठवून देत. त्या दिवशी ते लग्नानिमित्त गावी गेले होते आणि ऑफिसला कुलूप होते.

नितीनला फोन लावला.

"काका, मीटिंगमध्ये आहे. पटकन बोला."

"तुझी जोडणी कुचकामी आहे. प्रिंटर छापत नाही."

"कुठला प्रिंटर निवडला?"

"निवडायचा काय? घरात एकच आहे."

"अहो, घरात तुम्ही आहात. प्रोग्राम पुण्यात आहे. त्याला पुण्याचाच प्रिंटर दिसतो. कितीदा दाबलं बटण?"

"मोजले नाही."

"मग तिकडे ढीग पडला असेल!" तो हसला. मला हसू आले नाही. "फाईल तिकडून ओढून आणावी लागेल. मीटिंग संपली की करतो. तोवर लाइन तुटू देऊ नका. लाइन तुटली की खिडकी गेली, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं."

फोन बंद झाला आणि पाठोपाठ वीजही गेली. प्रिंटरचा दिवा विझला. संगणक आणि राऊटर यूपीएसवर तगले. पण त्याची बॅटरी जुनी. तो बीप-बीप करू लागला.

गंगूबाई आत आली. "अण्णा, दिसतंय की समदं. मग देत का न्हाई?"

"मावशी, दिसते ते पुण्यात आहे."

"पुण्यात? माजी वाट पुण्यात कवा गेली?"

 नक्कल करणे हा माझा व्यवसाय आहे, हे त्याच क्षणी ध्यानी आले. मोजणीच्या नकाशांच्या नकला मी पूर्वी हाताने उतरवीत असे. कपाटावरून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली, एक तुकडा फाडला आणि थेट पडद्यावर ठेवला. गंगूबाईने दोन्ही हातांनी कागद दाबून धरला.

"हलू नका."

"म्या कुटं हालतीया? तुमचीच पेन्सिल घसरतीया!"

ते खरे होते. पेन्सिल जोराने टेकली, की पडद्यावर रंगांचे डाग पसरत. न टेकवावी, तर रेघ उठत नसे. आधी ओढा उतरवला, मग गटांच्या हद्दी, मग गाडीवाट आणि शेवटी वाट जेथे अडवली आहे तेथे फुली. उत्तर दिशेचा बाण तेवढा राहिला होता. बीपचा एकसलग सूर झाला आणि पडदा काळा पडला. बाण मी काळ्या पडद्यावरच पुरा केला, लाल पेन्सिलीने वाट गिरवली, खाली सही ठोकली आणि आम्ही दोघे धावलो.

पुकारा सुरू होता. फार्महाऊसवाल्याचे वकील कागद पाहून म्हणाले, "साहेब, हे तर पोराच्या चित्रकलेच्या वहीतलं पान आहे!"

साहेबांनी विचारले, "कोणी काढला?"

"मी काढला. पडद्यावरील नकाशाबरहुकूम," मी पुढे होऊन सांगितले.

"कुठल्या पडद्यावरील?"

"पडदा पौडातला, साहेब. नकाशा पुण्यातला."

साहेबांनी माझ्याकडे किंचित रोखून पाहिले. मग कारकुनाला म्हणाले, "कच्चा नकाशा मागितला होता, कच्चाच आला आहे. दाखल करून घ्या. मंडल अधिकारी जागेवर जाऊन पाहतील."

पाहणीत वाट नकाशाप्रमाणेच निघाली. गेट उघडण्याचा आदेश झाला आणि गंगूबाईचे भात बैलगाडीने खळ्यावर आले.

पडद्याचा फोटो काढून शेजारच्या दुकानात छापता आला असता, असे नितीनने नंतर सुचवले. माझा फोन बटणांचा आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. तथापि, दूरच्या मशीनवर काम करणाऱ्या सर्वांस माझे एवढेच सांगणे आहे: छापण्याची आज्ञा देण्यापूर्वी, कागद कोणत्या गावात बाहेर पडणार याची चौकशी करून घ्यावी.