टेपमधली मोकळी जागा

रफूकाकूंना इंग्रजीचं वेड लागलं ते म्हातारपणी, आणि त्याला कारण नात. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, नातीला मराठीचा गंध नाही. रविवारी दुपारी फोन यायचा. नात काहीतरी चिवचिवायची, मुलगा मध्ये दुभाष्या होऊन "आई, ती विचारतेय तू काय करतेस" असं सांगायचा, आणि असं फिरून आलेलं बोलणं काकूंना शिळं लागायचं. हल्ली तर पोरगी मध्येच कंटाळून पळून जायची. असंच चाललं तर ती आपल्याला ओळखणारही नाही, या भीतीनं काकूंच्या मनात घर केलं होतं.

गंमत म्हणजे घरात इंग्रजीला तोटा नव्हता. काकूंचे यजमान मास्तर होते. सारी हयात त्यांनी संध्याकाळच्या वर्गात ड्रायव्हर, कारकून, दुकानांतले नोकर अशांना अगदी पहिल्या पायरीपासून इंग्रजी शिकवलं. ज्यांना वर्गाला येणं जमत नसे, त्यांच्यासाठी स्वतःच्या आवाजात टेपा भरल्या. बायकोला मात्र एक अक्षर नाही. "पालथ्या घड्यावर पाणी!" असं म्हणत ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसायचे. काकूही काही कमी नव्हत्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," असं सुनवायच्या. मग मास्तर गेले आणि टेपा कपाटात पडून राहिल्या.

काकूंनी पहिली टेप लावली तेव्हा हातात कुणाच्या तरी कोटाचा रफू होता. आतल्या शिवणीतून धागे काढायचे, भोकावर आधी उभे ताणायचे, मग आडवे विणायचे. डोळे गुंतलेले, कान मोकळे. "धिस इज अ डोअर," मास्तर म्हणाले, आणि शिकणाऱ्यानं म्हणावं म्हणून थोडी मोकळी जागा आली. काकूंनी म्हटलं. "दॅट इज अ विंडो." काकूंनी तेही म्हटलं. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

एकदा अशा मोकळ्या जागेतच दारावर गिऱ्हाईक आलं. कपडा दाखवणं, घासाघीस, मग त्याच्या गुडघेदुखीची कहाणी. सगळं उरकून काकू आत आल्या तर टेप चालूच होती. चाकं फिरत होती, आवाज नव्हता. संपली असेल म्हणून त्या बटण दाबायला वाकल्या आणि वाकता वाकता पुटपुटल्या, "शी इज माय सिस्टर." लगेच मास्तर म्हणाले, "ही इज माय ब्रदर."

काकूंनी बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं.

त्यानंतर त्या मुद्दाम थांबून पाहू लागल्या. उठून चहा करून यायच्या. टेप वाट बघायची. चुकलं तर खरखरीतून हळूच यायचं, "पुन्हा." बरोबर म्हटलं की पुढचं वाक्य.

खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारा होता. काकूंनी टेप त्याच्यापुढे ठेवली. त्यानं आपल्या यंत्रावर ती दोन्ही बाजूंनी ऐकवली. मोकळी जागा होती ती जेमतेम श्वासभराची.

"काकू, यात 'पुन्हा' कुठाय? मला तर काही ऐकू आलं नाही."

"अरे, मग माझेच कान वाजत असतील."

"पुसून टाकू का? त्यावर गाणी भरून देतो."

"हात तर लावून बघ!" काकू म्हणाल्या आणि टेप पदराखाली घेऊन वर आल्या.

खरं तर तेव्हाच पुसायला हवी होती. पण लोभ वाईट. आता रविवारी नातीला तिच्या फ्रॉकचा रंग विचारता यायचा, आणि पोरगी पळून न जाता उत्तर द्यायची. शिवाय मास्तर कधी चिडत नव्हते. जिवंतपणी चहाला उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस आता तासन्‌तास वाट बघत होता. काकूंना भीती वाटायची ती या शांतपणाचीच.

मग एका सकाळी भांडी विसळताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "धिस आर माय स्पून." पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, आवाज आला, "पुन्हा." टेप तर बाहेरच्या खोलीत बंद होती. काकूंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी वाक्य सुधारलं, कारण सुधारलं नसतं तर ते तिथेच उभे राहिले असते. त्याच दुपारी त्यांनी सगळ्या टेपा खाली नेल्या आणि समोर बसून पुसून घेतल्या. पुढचे काही दिवस घरात कसलाही आवाज नव्हता. काकू सुटल्यासारख्या झोपल्या.

रविवारी फोन आला तो थेट नातीचाच. बाबा अंघोळीला गेला होता, म्हणजे मध्ये कुणी नाही. तरी काकू बोलल्या. नातीचा दात पडला होता. कसा पडला, रक्त किती आलं, सगळं काकूंना कळत होतं, आणि आनंदानं त्यांना काय करू नि काय नको असं झालं. दात कुठे ठेवलास, असं विचारताना मात्र त्या अडखळल्या, वाक्य उलटसुलट झालं. 

"ग्रँडमा," पलीकडून नात म्हणाली, "हू इज द मॅन?"

काकूंना काहीच ऐकू आलं नव्हतं. "व्हॉट मॅन?"

"ही सेज..." नात आठवत थांबली. जन्मात मराठीचा शब्द न उच्चारलेली ती पोर एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "पुन-हा."

काकूंनी फोन घट्ट धरला. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. होता नव्हता तेवढा धीर गोळा करून त्या म्हणाल्या, "ही इज युवर ग्रँडफादर. ही इज गोइंग नाऊ."

"नो, ग्रँडमा." नात खुदकन हसली. "ही इज नॉट देअर. ही इज हिअर."

एवढं इंग्रजी काकूंना आता येत होतं.