अण्णांच्या फ्लेक्सवरील मोकळी जागा

माझ्या सासऱ्यांचे निधन त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी सकाळी झाले, आणि ते झालेले नाही हे त्यांना स्वतःला संध्याकाळपर्यंत लोकांना समजावून सांगावे लागले. या प्रकाराला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

मी खराडीच्या एका कचेरीत ग्राफिक डिझायनर आहे. पानावर काय ठेवले यापेक्षा काय ठेवले नाही याला अधिक मोल असते, असे आमच्या व्यवसायात मानतात. मोकळी जागा नजरेला विसावा देते. हे तत्त्व मी कचेरीपुरते राखले असते, तर अण्णांना त्या दिवशी जिलेबी मिळाली असती. (डॉक्टरांनी वर्षभर बंद केलेली जिलेबी त्या एका दिवसापुरती मंजूर झाली होती. अण्णा महिनाभर दुसरे काही बोलत नव्हते.)

वाघोलीच्या चौकात पंचाहत्तरीचा फ्लेक्स लावायचे ठरले. माझा मेहुणा दत्ता याने शुभेच्छुक म्हणून छापण्यासाठी साऱ्या भावकीचे फोटो पाठवले. काही गॉगल लावलेले, काही कानाशी फोन धरलेले. एक कुत्र्याचा होता.

"तो बी घरचाच हाय," दत्ता म्हणाला.

मी सगळे वगळले. दहा फूट पांढराशुभ्र अवकाश. खाली कोपऱ्यात अण्णांचा लहानसा कृष्णधवल फोटो, नजर किंचित वर, दूर कुठेतरी. आणि शेजारी बारीक अक्षरांत 'अण्णा. पंचाहत्तर वर्षे.'

"वाढदिवस आहे असं कुठंच लिहिलं नाहीत," माझी पत्नी सुनंदा म्हणाली.

"गरज नाही. मोकळी जागाच बोलते."

"काय बोलते?"

मी तिच्याकडे पाहून क्षमाशील स्मित केले. त्या स्मिताची मला आजही लाज वाटते.

सकाळी फ्लेक्सला कोणीतरी झेंडूचा हार घातलेला दिसला. मी तो माझ्या कलेचा गौरव समजलो. खाली उदबत्त्याही होत्या. त्यांकडे मी दुर्लक्ष केले. मग शेजारच्या काकू पदर सावरत पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. दार अण्णांनीच उघडले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले, मग हातातल्या पातेल्याकडे पाहिले.

"कोण गेलं?" अण्णांनी विचारले.

"तुम्हीच," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत पाच घरांतून पिठले आले. लोणी काळभोरहून अण्णांचे बालमित्र बबनराव जीपभर माणसे घेऊन पोहोचले. कोणीतरी त्यांना फ्लेक्सचा फोटो धाडला होता. तोवर प्रत्येकाला उत्तर देऊन कंटाळलेले अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. बबनराव त्यांच्याच गळ्यात पडून रडले.

"अरे, निदान फोन तरी करायचा," अण्णा म्हणाले.

"कशाला? एवढा पांढरा फ्लेक्स जित्या माणसाचा नसतोय."

खरा घाव संध्याकाळी बसला. दीडशे पाने जेवायची होती आणि आचाऱ्याचा पत्ता नव्हता. मी फोन लावला.

"आलो होतो साहेब, चौकापर्यंत," तो हळू आवाजात म्हणाला. "फ्लेक्सला हात जोडले आन् टेम्पो वळवला. आता दुसरीकडं जिलेबी तळतोय. तेराव्याला मात्र मीच येणार."

पाहुणे पिठलं-भाकरी जेवले. सुनंदाने औक्षण केल्यावर अण्णा पानावर बसले. त्यांनी पिठले बोटाने बाजूला सारून ताटात जिलेबीएवढी जागा मोकळी केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

पुढे माझ्या पन्नाशीचा फ्लेक्स त्यांनी स्वतः उभे राहून करवून घेतला. त्याच चौकात. सारी भावकी होती, गॉगल होते, फोन होते, कुत्राही होता. ठळक अक्षरांत 'जावईबापूंना हार्दिक शुभेच्छा', आणि मधोमध, माझा चेहरा असायला हवा तिथे, एक पांढरा गोल.

"अण्णा, माझा फोटो राहिला का?"

अण्णांच्या हातात जिलेबी होती. (पंचाहत्तरीची राहिलेली, असे त्यांनी डॉक्टरांनाही कळवले होते.)

"मोकळी जागा बोलती म्हणला होता ना सुनंदाला? बोलू द्या."

ती बोलली. दिवसभर सारा चौक मला शुभेच्छा देत होता. अण्णांना आणखी तीन जावई आहेत. पण तो रिकामा गोल कोणाचा, हे एकालाही विचारावे लागले नाही.