आमदार उभे राहिले

आमच्या चर्चमध्ये लग्न असो की मयत, एका गोष्टीशिवाय काही पुढे सरकत नाही. रेव्हरंड मंचावरून म्हणतात, "आज आपल्यात जे लोकप्रतिनिधी आले असतील, त्यांनी कृपया उभं राहावं." ते उभे राहतात, आम्ही टाळ्या वाजवतो आणि मग देवाला पुढचं काम करायची मुभा मिळते.

आयव्हरी गॅडिस एका पिढीभर असे उभे राहत आले. अलाबामाच्या विधानसभेतून त्यांनी आमच्यासाठी एक पूल, एक दवाखाना आणि पुष्कळ भाषणं आणली. गेल्या उन्हाळ्यात त्यांना पाडलं ते त्यांच्याच रविवारच्या बायबल-वर्गात शिकलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. बायको आधीच गेलेली, मुलगी डेट्रॉइटला. हरल्यावर घरचा फोनही वाजेनासा झाला. येत राहिला तो फक्त क्लिओफस मिम्स, त्यांचा जुना ड्रायव्हर. कुठे जायचं नसलं तरी तो त्यांना घेऊन जाई.

त्या शनिवारी चर्चमध्ये मयत होतं ते क्लिओफसचं.

गॅडिस स्वतः गाडी चालवत आले आणि सवयीने पहिल्या बाकावर बसले. कार्यक्रमाच्या छापील कागदावर बोलणाऱ्यांत डॉक्टरीणबाईंचं नाव होतं, यांचं नव्हतं. पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणाऱ्या सिस्टर व्हर्डेलला ते हळूच म्हणाले, "व्हर्डेल, माझं नाव राहिलंय वाटतं. दोन मिनिटं बोलायचंय त्याच्याविषयी."

"तुमची दोन मिनिटं ठाऊक आहेत आम्हाला, साहेब. मागच्या मयताच्या जेवणातली तळलेली कोंबडी गार झाली तुमच्यापायी."

मग रेव्हरंडांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. आणि गॅडिसही.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच अडखळल्या. रेव्हरंड चष्मा पुसू लागले. माझ्या मागून कोणीतरी पुटपुटलं, "अरे, बसवा कोणी म्हाताऱ्याला." गॅडिसना आपली चूक उमगली होती, पण उभं राहिलेल्या माणसाला बसायलाही काही निमित्त लागतं.

व्हर्डेल तरातरा पुढे गेली. "रेव्हरंड, साहेब उभेच आहेत तर बोलू देत. मी इथेच थांबते घड्याळ बघत."

गॅडिस माईककडे गेले नाहीत, शवपेटीकडे गेले. त्या पुलासाठी हेच गॅडिस विधानसभेत पाणी न पिता दिवसभर बोलले होते.

"क्लिओफस गाडी फार हळू चालवायचा," ते म्हणाले. "मी ओरडायचो, अरे, उशीर होतोय. तो म्हणायचा, साहेब, तुमच्याशिवाय सुरू करणार आहेत थोडेच?" त्यांनी पेटीवर हात ठेवला. "आता करतात."

आणि जाऊन बसले. व्हर्डेल घड्याळाकडे बघतच राहिली.

जेवणं उरकल्यावर मी बाहेर आलो. गॅडिस आपल्या गाडीत होते, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर; पट्टा लावलेला, टोपी मांडीवर. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघताहेत. बऱ्याच वेळाने त्यांनी रिकाम्या स्टिअरिंगकडे पाहिलं, पट्टा सोडला, उतरले आणि बॉनेटला हात टेकत टेकत पलीकडे गेले.

गाडी निघाली ती क्लिओफसच्याच वेगाने. मागे डॉक्टरीणबाईंची गाडी होती. पुलापर्यंत त्यांनी हॉर्न वाजवला नाही.