न्हाणीघरातली गांजाची झाडं

आमच्या ह्यांना झाडाला नाही म्हणता येत नाही, हेच आमच्या संसाराचं मूळ दुखणं. माणसांना म्हणतात, मला तर सत्तावीस वर्षं म्हणतायत. पण कुठे पिवळं पान दिसलं की ह्यांचे पाय तिथेच अडकतात. तुबलीच्या नर्सरीत ह्यांची एकोणीस वर्षं गेली. बहरीनमधली अर्धी मराठी मंडळी ह्यांना दत्ताराम माळी म्हणून ओळखतात. कढीपत्त्याचे, मोगऱ्याचे फोटो फोनवर पाठवतात आणि हे जेवता जेवता उत्तरं देत बसतात. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह. कडा करपल्या तर नळाचं खारट पाणी बंद करा. इकडे आमटी गार होते, त्याचं कुणाला काही नाही.

मी निवेदिताताईंकडे स्वयंपाकाला जाते. माणसं पुण्याची, साहेब इंजिनीयर, चंद्रशेखर नाव. मोठा धिप्पाड माणूस, माझ्या हातच्या घावन्यांवर तुटून पडायचा. फेब्रुवारीत पोटाचा कॅन्सर निघाला आणि मे येईस्तोवर साहेबांच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. चमचाभर पेज दिली तरी पाच मिनिटांत बाहेर. उलटीवरची सगळी औषधं करून झाली. मी रोज पेज करायची आणि रोज तीच मोरीत ओतायची. रडू यायचं मला, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी ताई म्हणाल्या, दत्तारामभाऊंना शुक्रवारी घेऊन या, एक झाड दाखवायचंय. मला वाटलं तुळस असेल. शुक्रवारी ह्यांची सुट्टी, आम्ही दोघं गेलो. ताईंनी पाहुण्यांच्या न्हाणीघराचं कुलूप काढलं. आत पांढरे दिवे आणि चार कुंड्या. दोन झाडं पार माना टाकलेली, दोन पिवळीधमक. मला काही कळलं नाही. ह्यांनी मात्र एक पान हातात धरलं आणि हळूच म्हणाले, "ताई, हा गांजा आहे."

"माहितीय," ताई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या देशात असलं झाड घरात सापडलं तर जेल आहे आणि जेलनंतर कायमची गावी रवानगी. माझा मुलगा राजस तिकडे चिपळूणला कॉलेजात शिकतोय, त्याचं काय? मी ह्यांचा दंड धरून ओढायला लागले, तर हे आधीच गुडघ्यावर बसून कुंडीतली माती उकरतायत.

ताई भिंतीला टेकून बोलत होत्या. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की याने म्हणे उलटी थांबते, अन्न पोटात राहतं. इथल्या डॉक्टरांना विचारायचीसुद्धा सोय नाही. बी कुठून मिळवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. "खरं की खोटं मला माहीत नाही, दत्तारामभाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

ह्यांनी विचारलं, झाडाला काय काय घातलंत? तर बाईंनी पुण्याच्या गच्चीवरची सगळी विद्या पणाला लावलेली. पान पिवळं दिसलं की ताक. दुसऱ्या दिवशी हिंगाचं पाणी. मग डाळतांदळाचं धुवण, गंजके खिळे, बाजारातलं खत सांगितल्याच्या दुप्पट, आणि वर नळाचं पाणी. एकेक पान बघून एकेक गोष्ट ओतत गेल्या. मातीवर पांढरा थर धरलेला होता. आपल्यात आजारी माणसालाही घासभर जास्तच वाढतात, तसं झालेलं सगळं.

"याला कमी काही नाही," हे म्हणाले. "जास्त झालंय. मुळं जळाली, म्हणून घातलेलं वर चढत नाही."

दोन झाडं गेली होती, ती ह्यांनी उपटून बारीक केली. उरलेल्या दोघांच्या मातीतून एसीचं पाणी जाऊ दिलं, खाली स्वच्छ पाणी गळेपर्यंत. एसीच्या पाण्यात मीठ नसतं. बाल्कनीतल्या नळीखाली बादली लावली आणि ताईंना बजावलं की या पाण्याशिवाय थेंब घालायचा नाही. ताईंनी मान डोलावली. मग साहेबांना उलटी झाली म्हणून आत धावल्या.

घरी, जिदहफ्सच्या आमच्या खोलीत, मी ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तोंड सुटलं ते सुटलंच. अक्कल गहाण टाकलीत का, म्हटलं, पोलीस काय झाडाची तब्येत विचारायला येणार आहेत? हे मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, ते झाड गेलं तर ती बाईपण जाईल गं. आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर परत तिकडेच.

जूनमध्ये झाडांनी नवी पानं काढली. आधी फिकट, मग हिरवी. हे अगदी बेतानं खत द्यायला लागले. मला राग यायचा आणि तरी मी रोज गेल्या गेल्या आधी कुलूप काढून तिकडेच बघायची. साहेब मात्र पलंगाला चिकटत चालले होते. एकदा त्यांनी ह्यांना बोलावून विचारलं, नळ झाला का दुरुस्त? ताईंनी त्यांना हे प्लंबर आहेत असंच सांगितलं होतं. हे म्हणाले, होत आला साहेब, इंशाल्ला.

मग झाडांचा वास सुटला. वॉचमन जैनुद्दीन दारात येऊन विचारायला लागला की यह कैसी बू है. मी जाऊन सुके बोंबील आणले आणि त्या शाकाहारी घरात रोज भाजायला लागले, दारं उघडी टाकून. जैनुद्दीन नाक धरून निघून जायचा. पण बोंबलाच्या वासाने साहेबांना जास्तच मळमळायचं. आत ते कोरड्या उलट्या काढायचे आणि इकडे मी तव्यावर बोंबील परतायची. असं पाप मी कधी केलं नव्हतं. ताई म्हणायच्या, भाजा रत्नाबाई, थोडेच दिवस.

जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी ह्यांना फांदीच्या बेचक्यात फुलोरा दिसला. ताईंचा चेहरा इतका उजळला की मीही देवाला हात जोडले. हे चष्मा लावून खाली वाकले. एक झाड बघितलं, दुसरं बघितलं, परत पहिलं बघितलं. बारीक बारीक घोस लोंबत होते. गावच्या परसात नर पपईला लोंबतात तसे. मला ते तिथेच कळलं. हे उठेचनात.

"आता किती दिवस?" ताईंनी विचारलं.

"ताई, दोन्ही नर आहेत," हे म्हणाले. "औषध मादीच्या फुलोऱ्यात असतं, यातून तुमच्या कामाचं काही निघणार नाही."

ताईंनी ते ऐकलं, पण मानलं नाही बहुतेक. त्या भराभर बोलायला लागल्या की डॉक्टरांनी साहेबांना महिनाही दिलेला नाही, आता नवीन बी लावायला वेळ नाही, मेलेल्या दोघांतलं एखादं तरी मादी असेल का? मग ताईंनी ह्यांचा हात धरला. त्या घरात इतक्या दिवसांत कुणी कुणाला असं धरलं नव्हतं.

"कशाची कमी आहे ते सांगा ना, दत्तारामभाऊ. मी आणते. कुठूनही आणते."

ह्यांनी आयुष्यात झाडाच्या बाबतीत कुणाला खोटं सांगितलेलं नाही. तेव्हा तरी सांगावं, असं मला फार वाटलं.

"कशाचीच कमी नाही, ताई," हे म्हणाले. "झाडं ठणठणीत आहेत."

आतून साहेबांनी हाक मारली. ताई हलल्या नाहीत, म्हणून उलटीचं भांडं घेऊन मी गेले.