आबांच्या नावावरच्या तीन ओळी

मी आज जो काही आहे तो कट्टा गावच्या टायपिंगवाल्या आबांमुळे. आयुष्यभर टाइपरायटर शिकवलेला हा माणूस संगणकावरही ओळ संपली की डावा हात उचलून हवेतला दांडा ढकलायचा. त्यांच्याकडे शिकणारी आम्ही मुलं हसायचो. "हसा मेल्यांनो," आबा म्हणायचे, "हात म्हातारो झालो, डोका नाय."

कट्ट्यात बसून आबा एका कंपायलरचं काम करत. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणीही फुकट घ्यावा असा. तो आणि त्याच्या सोबतच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, एकाच जुन्या साधनाने बांधल्या जात, म्हणजे चालण्याजोग्या केल्या जात. ते साधन नवं करायचं, तर प्रत्येक फोल्डरमधल्या मूळ फाइलवरून बांधणीची फाइल त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यावी लागे, तीही सगळीकडे एकदम. माझे वडील इतरांबरोबर किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी ओढायचे. "बापाशीक इचार," आबा म्हणत, "एका बाजून ओढलेल्या जाळ्यात मासळी गावता?" या कामात त्यांचे आठ महिने गेले.

एक फोल्डर त्यांनी माझ्यावर सोपवलं. ताकीद एकच होती. "साधनान लिवलेल्या फायलीक हात लावूचो नाय. बदल मूळ फायलीत करूचो."

माझी बांधणी अडली. दुसऱ्या दिवशी पुण्याला नोकरीची मुलाखत होती आणि तिथे हेच काम दाखवायचं होतं. मी तयार फाइलमध्येच तीन ओळी हाताने घातल्या. बांधणी झाली.

"मुळात केलंस मां?" आबांनी विचारलं.

"केलंय, आबा."

माझ्या शब्दावर त्यांनी सगळं काम कंपायलरच्या सामाईक साठ्यात चढवलं. डावा हात हवेत गेला.

आठवड्याने दुसऱ्या कुणी ती फाइल साधनाकडून पुन्हा लिहून घेतली. माझ्या ओळी पुसल्या गेल्या आणि ठिकठिकाणी कंपायलर बांधला जाईना. कंपायलरच्या ईमेल-गटावर परकी माणसं आबांनाच तयार फाइलला हात न लावण्याचा पहिला नियम शिकवू लागली. सगळं काम मागे घेतलं गेलं, आबांचा काही चढवण्याचा अधिकारही गेला. त्यांनी उत्तर लिहिलं ते एवढंच: "चूक माझी."

मला नोकरी मिळाली होती. निघालो त्या दिवशी आबा एसटीच्या थांब्यावर आले. "तीन ओळींसाठी?" ते म्हणाले. "माझ्याकडे येऊक रस्तो नव्हतो रे?" गाडी आली. मी पिशवी उचलली.

तेच काम पुढे दुसऱ्यांनी नव्याने केलं. तिथे त्यांची नावं आहेत. २०१० साली, फार उशिरा, मी आबांना पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप आबांस, सा. नमस्कार.

त्या तीन ओळी माझ्या होत्या, तुमची चूक फक्त माझ्यावर विश्वास ठेवण्याची, असं मी काल ईमेल-गटावर लिहिलं. नव्याने केलेल्या कामावर तुमचंही नाव घालावं, अशी विनंतीही केली. तिथली माणसं आता बदलली आहेत. एकाचंच उत्तर आलं. त्याने विचारलंय, हे गृहस्थ कोण?"